संगणकाच्या किल्ल्या कुणाकडे?

नोकरी करणाऱ्या आपण साऱ्याजणी सहज बोलून जातो, "ते पत्र माझ्या संगणकावर आहे, उद्या देते." टेबल आपले, खुर्ची आपली, पडद्यावर आपल्या लेकीचा फोटो, आणि पासवर्ड तर आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. मग संगणकही आपलाच वाटू लागतो. प्रत्यक्षात कार्यालयाच्या जाळ्याला जोडलेला संगणक तुमच्या पासवर्डावाचूनही उघडतो. तुम्ही समोर बसलेल्या असतानाही उघडतो. तो उघडणारा माणूस तुमच्या खोलीत यावा लागत नाही. तो दुसऱ्या मजल्यावर असेल, दुसऱ्या शहरातही असेल.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. गेली सतरा वर्षे मी हेच काम करते आहे. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी संगणक विभागात आहे आणि तीनशेच्या आसपास संगणकांची देखभाल आम्ही चौघे करतो. त्यातले बहुतेक काम मी जागेवरून न उठता करते. कुणाचा विसरलेला पासवर्ड बदलून देणे, नवे सॉफ्टवेअर चढवणे, प्रिंटर जोडून देणे. "मॅडम, रिमोट घेते हं" असे फोनवर सांगायचे आणि समोरच्या बाईच्या पडद्यावर माझा बाण फिरू लागतो. रोजचे, कंटाळवाणे काम आहे. पण या कंटाळवाण्या कामात केवढी सत्ता दडलेली आहे, याची चर्चा आपल्या चळवळीत होत नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

हे चालते कसे?

कार्यालयात दोन-चारच संगणक असतात तेव्हा प्रत्येक संगणक स्वतंत्र असतो. त्याचे पासवर्ड त्याच्यातच असतात. संख्या वाढली की हे परवडत नाही. मग एक मुख्य यंत्र ठेवतात, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि बाकीचे सगळे संगणक त्याच्या अमलाखाली आणतात. या अमलाच्या हद्दीला डोमेन असे नाव आहे. सर्व्हरवर एक मोठी नोंदवही असते, ती डिरेक्टरी. नोकरीत कोण आहे, कुठल्या विभागात आहे, कुठली फाईल कुणी उघडायची, कुठल्या संगणकावर कुणी बसायचे, हे सारे त्या वहीत लिहिलेले असते. आपल्याकडच्या पुष्कळ कार्यालयांत ही वही मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' असते. २००० साली विंडोज २००० बरोबर ती आली. म्हणजे तिला पाव शतक होऊन गेले.

नवा संगणक डोमेनमध्ये घेतला की एक गोष्ट आपोआप घडते. 'डोमेन अ‍ॅडमिन्स' नावाचा गट त्या संगणकाच्या कारभाऱ्यांच्या यादीत जाऊन बसतो. त्यानंतर या गटातल्या कुणालाही त्या संगणकावर जवळजवळ काहीही करता येते. सर्व्हरवर एकदा नियम लिहिला की तो सगळ्या संगणकांवर जाऊन पोचतो. वेगळे काही ठरवले नसेल तर दर ९० मिनिटांनी, फार तर त्यात आणखी अर्धा तास, प्रत्येक संगणक सर्व्हरला विचारतो, "काही नवा हुकूम आहे का?" आणि असेल तो मुकाट्याने अमलात आणतो. पडद्यावर कुठले चित्र असावे इथपासून पेन ड्राइव्ह चालावा की नाही, इथपर्यंत.

प्रत्येक संगणकाच्या डिस्कला एक मागचे दारही असते. त्याचे नाव 'सी-डॉलर'. नेहमीच्या यादीत ते दिसत नाही, पण अ‍ॅडमिनने त्याचा पत्ता टाइप केला की समोरच्या संगणकातल्या फाईली त्याच्या पडद्यावर उघडतात. समोर बसलेल्या बाईला त्याचा पत्ताही लागत नाही. तिचे काम चालू राहते, बाण हलत नाही, दिवा लागत नाही.

पासवर्डाचे काय? तो मला दिसत नाही, हे खरे आहे. डिरेक्टरीत तो जसाच्या तसा ठेवलेला नसतो. पण मी तो बदलू शकते, आणि बदललेल्या पासवर्डाने तुमच्या नावावर आत जाऊ शकते. असे कुणी केले तर तुमचा जुना पासवर्ड दुसऱ्या दिवशी चालत नाही. न विसरलेला पासवर्ड अचानक चालेनासा झाला तर "माझ्याच हातून काहीतरी चुकले असेल" असे म्हणून गप्प बसू नका. तो कुणी, केव्हा बदलला, हे विचारा. सर्व्हरवर त्याची नोंद असते.

राहिला पडदा. दुसऱ्याचा चालू पडदा पाहायचा असेल तर एरवी समोर एक चौकट येते, "अमुक व्यक्ती पाहू इच्छिते, परवानगी आहे का?" पण ही चौकट न येता पाहता यावे, असाही नियम सर्व्हरवर लिहिता येतो. तशी सोय त्यात मुळातच दिलेली आहे. ज्यांच्याकडे डोमेन नाही अशा लहान कार्यालयांत एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर वापरतात. त्यातही एकदा कायमचा पासवर्ड घालून ठेवला की समोर कुणी 'हो' म्हणण्याची गरज उरत नाही.

मग हे बंदच करावे का?

नाही. माझे म्हणणे तसे मुळीच नाही. तीनशे संगणकांपुढे एकेक करून जाऊन बसणे कुणालाच शक्य नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक बंद पाडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या भेटी आणि शस्त्रक्रियासुद्धा रद्द कराव्या लागल्या. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर सगळ्या यंत्रांवर चढवली ते वाचले. ती चढवायची तर बसल्या जागेवरून सगळ्या संगणकांवर हात पोचलाच पाहिजे.

तेव्हा लांबून कारभार करणे ही गरज आहे. प्रश्न एवढाच की हा हात कुठवर पोचावा, कुणाच्या हुकमाने पोचावा, आणि त्याचा हिशेब कुणाला द्यावा. घरातल्या तिजोरीची किल्ली एकाच माणसाकडे असली आणि त्याला कुणी काही विचारायचे नाही असा रिवाज असला, तर त्या घरातल्या बाईचे काय होते हे आपल्याला सांगायला नको. कार्यालयाच्या बाबतीत मात्र आपण तोच रिवाज 'ते तांत्रिक आहे' म्हणून मान्य करून टाकतो.

हा बायकांचा प्रश्न का?

कुणी म्हणेल, पडदा पुरुषांचाही पाहता येतो, मग यात बायकांचे वेगळे ते काय? वेगळे आहे. कार्यालयातल्या बाईच्या संगणकावर काय काय असते ते आठवून पाहा. गर्भपातानंतरच्या रजेचा अर्ज असतो. विम्यासाठी चढवलेले दवाखान्याचे कागद असतात. नवऱ्यापासून वेगळे होण्यासाठी वकिलाशी चाललेला पत्रव्यवहार असतो. जेवणाच्या सुट्टीत उघडलेले व्हॉट्सअ‍ॅप असते. आणि साहेबांविरुद्धच्या तक्रारीचा कच्चा मसुदा असतो, जो तिने चार वेळा लिहून चार वेळा पुसलेला असतो.

"खाजगी गोष्टी कार्यालयात कराव्यातच कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो, आणि पुष्कळदा बायकाच तो विचारतात. त्याचे उत्तर आपल्या समुपदेशन केंद्रांत बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक आहे. कित्येक बायकांचा घरचा फोन नवरा रोज तपासतो. मुलाला फोनचा नंबर-लॉक माहीत असतो, सासूला फोनची घंटी ऐकू जाते. अशा बाईच्या आयुष्यात स्वतःच्या पासवर्डाने बंद होणारी एकच जागा असते, आणि ती म्हणजे कार्यालयातला संगणक. तिथून तिने केंद्राला पत्र लिहिले तर तो तिचा निष्काळजीपणा नव्हे. तिच्याकडे दुसरी जागाच नाही.

एका कार्यालयातली हकिगत माझ्या कानावर आली, ती नाव-गाव टाळून सांगते. एका बाईने अंतर्गत समितीकडे द्यायची तक्रार कार्यालयाच्या संगणकावर टाइप करून ठेवली. अजून ती दिलेलीही नव्हती. दोन दिवसांत ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्या अधिकाऱ्याने तिला बोलावून "असे कागद लिहून काही होत नसते" असे सुनावले. संगणक विभाग त्याच्याच हाताखाली होता. कुणी पाहिले, कसे पाहिले, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही, कारण नोंदी ठेवण्याची पद्धतच तिथे नव्हती. बाईने तक्रार दिली नाही. तीन महिन्यांनी तिने बदली मागून घेतली.

भंवरीदेवींच्या लढ्यातून १९९७ साली विशाखा निकाल आला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१२ साली त्यावर न्यायालयाने आदेश दिले. २०१३ साली कायदा झाला. त्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, साक्षीदार आणि आरोपी यांची नावे, चौकशीची कार्यवाही, यांतले काहीही जाहीर करता येत नाही. समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, अध्यक्ष बाई हवी, एक सदस्य बाहेरची हवी, हे सारे आपण भांडून मिळवले. आणि त्या समितीची फाईल कुठे असते? कार्यालयाच्या सर्व्हरवर, एका फोल्डरमध्ये. फोल्डरला 'फक्त समिती सदस्यांसाठी' असे कुलूप लावलेले असते. पण सर्व्हरच्या अ‍ॅडमिनला कुठल्याही फोल्डरची मालकी स्वतःकडे घेण्याचा अधिकार असतो. म्हणजे समितीचे कपाट कुलूपबंद, आणि दुसरी किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात. त्या माणसाचे नाव समितीला माहीत नसते, आणि त्याने गुप्ततेच्या कुठल्याही कागदावर सही केलेली नसते.

वाईट माणूसच लागतो असे नाही

दोन उदाहरणे जगाच्या नोंदीत आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात लोअर मेरियन नावाच्या भागातल्या शाळांनी विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. लॅपटॉप हरवला तर शोधता यावा म्हणून त्यात लांबून कॅमेरा चालू करण्याची सोय ठेवली होती. ती चालू केली गेली आणि पुष्कळदा चालूच राहिली. मुलामुलींची त्यांच्या घरातली, झोपण्याच्या खोलीतली हजारो छायाचित्रे शाळेच्या सर्व्हरवर जमा झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये दावा झाला आणि त्याच वर्षी ६ लाख १० हजार डॉलर देऊन तो मिटवण्यात आला. सरकारी वकिलांना कुणाचाही गुन्हेगारी हेतू दिसला नाही आणि फौजदारी खटला झाला नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुणीही दुष्ट नव्हते, तरी मुलींच्या खोलीत कॅमेरा पोचला. सोय होती, आणि ती केव्हा वापरायची, केव्हा बंद करायची, कुणाला सांगायचे, याचा नियम नव्हता.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे. २०१३ साली तिच्या महानिरीक्षकाने एका सिनेटरला पत्र लिहून २००३ पासूनची १२ प्रकरणे कळवली. त्यांत कर्मचाऱ्यांनी जाणूनबुजून आपल्या अधिकारांचा गैरवापर केला होता. त्यांतली कित्येक प्रकरणे बायको, मैत्रीण, पूर्वीची जोडीदार यांच्यावर पाळत ठेवण्याची होती. एवढ्या कडेकोट संस्थेत, एवढ्या तपासण्या असताना, किल्ली हाती आली तेव्हा काही पुरुषांना आधी आपल्या ओळखीची बाई आठवली. मग ज्या कार्यालयात तपासणीच नाही तिथे काय होत असेल, याचा विचार आपणच करायचा.

२०२० च्या टाळेबंदीनंतर ही गोष्ट आणखी पुढे गेली. कार्यालयाचा लॅपटॉप बायकांच्या स्वयंपाकघरात आणि माजघरात आला. तो डोमेनचाच संगणक आहे, त्याला कॅमेरा आहे, माइक आहे. लांबून कारभार करणारा हात आता घराच्या आतपर्यंत पोचतो. काम संपल्यावर लॅपटॉप मिटून ठेवा आणि कॅमेऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवा, हे मी माझ्या मैत्रिणींना आवर्जून सांगते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण एकेकीने पट्टी चिकटवून प्रश्न सुटत नाही.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी, आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती तिची संमती न घेता वापरण्याची वाट ठेवली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा तर संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रमुखाच्या परवानगीवाचून आत शिरणे हा अपराध मानतो. संगणकाची मालक कंपनी. तेव्हा कंपनीनेच परवानगी दिली असेल तर टेबलापाशी बसलेल्या बाईला या कायद्याचा फारसा आधार उरत नाही.

एक कलम मात्र आपल्या कामाचे आहे, आणि ते आपल्याच आंदोलनांतून आले आहे. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ साली भारतीय दंडविधानात ३५४-ड हे पाठलागाचे कलम आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७८ म्हणून आहे. आपण त्याला पाठलागाचे कलम म्हणतो आणि रस्त्यावरचा पुरुष डोळ्यांपुढे आणतो. पण एखादी बाई इंटरनेट, ई-मेल किंवा असे दुसरे कुठलेही साधन कसे वापरते यावर पुरुषाने पाळत ठेवणे, हाही त्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याने सोपवलेले काम, किंवा परिस्थिती पाहता वाजवी ठरणारे वागणे, याला त्यात सूट आहे. नेमके इथेच लेखी नियमाचे महत्त्व कळते. अ‍ॅडमिनने काय पाहणे हे त्याचे काम आणि काय पाहणे ही पाळत, हे आधी लिहिलेले नसेल तर प्रत्येक जण "मी माझे कामच करत होतो" असे म्हणून सुटू पाहील.

युरोपात २०१७ साली मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने बर्बुलेस्कू नावाच्या रोमानियन कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. मालकाने त्याचे भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेले बोलणे वाचले होते. न्यायालयाने म्हटले की पाळत ठेवायची असेल तर ती कशी आणि किती, हे कर्मचाऱ्याला आधी सांगितले पाहिजे, आणि कार्यालयाच्या दारात आल्याने माणसाचे खाजगी आयुष्य शून्य होत नाही. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. पण मागणी करताना हाताशी ठेवण्यासारखा नक्कीच आहे.

आपण काय मागायचे?

संगणकाचे शिक्षण नसले तरी या मागण्या करता येतात. यांतली एकही गोष्ट अशक्य नाही. मी रोज वापरते त्याच सर्व्हरवर या सगळ्या होतात.

१. किल्ल्या वाटून द्या. पासवर्ड बदलून देणाऱ्या मुलाला पूर्ण डोमेनचा कारभार द्यावा लागत नाही. फक्त ठरावीक विभागाचे पासवर्ड बदलण्यापुरता अधिकार वेगळा काढून देता येतो. पूर्ण किल्ली किती जणांकडे आहे, आणि ती नावे कोणती, हे व्यवस्थापनाने लेखी सांगावे. ही यादी जितकी लहान तितकी बरी.

२. विचारल्याशिवाय पडदा घ्यायचा नाही. परवानगीची चौकट सगळ्या संगणकांवर चालू ठेवावी. बाईने 'नाही, पाच मिनिटांनी घ्या' म्हटले तर तो तिचा हक्क समजावा.

३. नोंदी ठेवा, आणि त्या दुसऱ्याकडे ठेवा. विंडोजच्या सर्व्हरवर पासवर्ड बदलला की ४७२४ क्रमांकाची नोंद होते, आणि ती कुणी केली तेही कळते. नोंदवहीच पुसून टाकली तर 'नोंदवही पुसली' अशी ११०२ क्रमांकाची नोंद उरते. पण ज्याच्या हाती किल्ली त्याच्याच ताब्यात नोंदी, असे असू नये. त्या वेगळ्या यंत्रावर लगेच पाठवण्याची सोय आहे. ते यंत्र संगणक विभागाबाहेरच्या कुणाकडे असावे. अंतर्गत समितीला कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार २०१३ च्या कायद्याने दिले आहेत. या नोंदीही समिती मागवू शकते, हे समितीच्या सदस्यांनी लक्षात ठेवावे.

४. समितीचे कागद डोमेनबाहेर. फाईलला पासवर्ड घालणे पुरेसे नाही, कारण ज्या संगणकावर ती उघडायची त्याचाच ताबा दुसऱ्याकडे असतो. समितीला एक वेगळा लॅपटॉप द्यावा, तो डोमेनला जोडू नये, त्याची डिस्क कुलूपबंद असावी आणि किल्ली अध्यक्षबाईंकडे असावी. एका लॅपटॉपचा खर्च कुठल्याही कंपनीला जड नाही.

५. आधी सांगा. नोकरीवर घेताना प्रत्येकीला तिच्या भाषेत, एका पानावर, स्पष्ट सांगावे की या संगणकावर काय पाहिले जाते, कोण पाहते आणि किती दिवस साठवले जाते. इंग्रजीतल्या चाळीस पानांच्या करारात दडवलेले एक वाक्य म्हणजे सांगणे नव्हे.

आपल्या घरात काय आहे?

कंपन्यांना प्रश्न विचारताना आपल्या संस्थांकडेही पाहू या. गेल्या दहा वर्षांत कितीतरी स्त्री-संघटनांच्या कार्यालयांत संगणक आले, अनुदानातून लॅपटॉप आले. समुपदेशनाच्या वह्यांची जागा फाईलींनी घेतली. या फाईलींत काय असते ते मी सांगायला नको. घर सोडून आलेल्या बाईचा आताचा पत्ता असतो, मुलीच्या शाळेचे नाव असते, वकिलाचा फोन असतो. हे हुडकायला टपलेला नवरा बाहेर असतो, आणि कधी कधी त्याच्या ओळखी लांबवर असतात.

या संगणकांची देखभाल मात्र बहुधा कुणाचा तरी भाचा करतो, विश्वस्तांच्या ओळखीतला कुणी मुलगा करतो, किंवा महिन्यातून एकदा येणारा दुकानवाला करतो. एनीडेस्कचा पासवर्ड त्याच्याकडे कायमचा असतो. चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या कार्यकर्तीचे खाते अजून चालू असते. सगळ्यांचा पासवर्ड एकच, आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. मी काही संघटनांच्या कार्यालयांत मदतीला गेले आहे, तिथे हे पाहिले आहे. यात कुणाची नियत वाईट नसते. पैसे नसतात, वेळ नसतो, आणि 'आपल्याला यातले काही कळत नाही' ही बायकांच्या मनात घातलेली भीती असते.

त्या भीतीशी मात्र आपल्याला भांडावे लागेल. बँकेचे पासबुक कळत नाही म्हणणाऱ्या बायकांनी बचत गट चालवून दाखवले. सातबारा कळत नाही म्हणणाऱ्यांनी आपले नाव त्यावर लावून घेतले. संगणकाचा कारभार त्याहून अवघड नाही. प्रत्येक संघटनेत एका कार्यकर्तीने तरी ही किल्ली काय असते ते शिकून घ्यावे. पैसे नाहीत ही अडचणही तशी मोठी नाही. डोमेन चालवणारे 'सांबा' नावाचे फुकट सॉफ्टवेअर २०१२ पासून उपलब्ध आहे. आणि पाच-सात संगणकांच्या कार्यालयाला तर डोमेनची गरजही नसते. प्रत्येकीचे वेगळे खाते, सोडून गेलेल्यांची खाती बंद, आणि केसच्या फाईली कुलूपबंद, एवढे केले तरी पुष्कळ आहे.

किल्ली धरणाऱ्याविषयी

शेवटी माझ्या सहकाऱ्यांविषयी. संगणक विभागातला मुलगा हा आपला शत्रू आहे असे कृपा करून समजू नका. तो बहुधा कंत्राटदाराकडून आलेला असतो, बारा तास काम करतो, आणि कामावरून केव्हाही काढला जाऊ शकतो. साहेबाने सांगितले, "अमक्या बाईचे मेल काढून दे," तर नाही म्हणायला त्याच्या हातात काही नसते. लेखी नियम असेल तर तो म्हणू शकतो, "साहेब, लेखी हुकूम द्या, समितीची सही आणा." नियम त्याचेही रक्षण करतो. मला स्वतःला अशा तोंडी मागण्या आल्या आहेत. माझ्या कंपनीत सध्या लेखी हुकमावाचून कुणाचीही पेटी उघडायची नाही असा नियम आहे, म्हणून मला भांडावे लागत नाही. तो नियम होण्यासाठी आम्ही काही जणी तीन वर्षे बैठकांतून बोलत होतो.

आणि या विभागात बायका कमी का, हाही प्रश्न विचारू या. मुली संगणक शिकतात, नोकरीलाही लागतात, पण माझ्या पाहण्यात त्यांना बहुधा फोनवरच्या मदतकक्षात बसवतात. सर्व्हरच्या खोलीची जबाबदारी 'रात्री थांबावे लागते' म्हणून पुरुषांकडे जाते. रात्री थांबण्याची, घरी पोचवण्याची सोय करा म्हटले की खर्चाचे कारण पुढे येते. बाईच्या हाती किल्ली आली की सगळे आपोआप न्याय्य होईल असे मी म्हणत नाही. सासूच्या कमरेला किल्ल्या होत्या म्हणून सुनेचे भले झाले असे नाही. नियम हवाच, आणि तो किल्ली बाईच्या हाती असली तरी हवा.

तेव्हा पुढच्या बैठकीत, मग ती युनियनची असो, अंतर्गत समितीची असो की आपल्या संघटनेची, विषयपत्रिकेवर एक प्रश्न घाला: आपल्या संगणकांच्या पूर्ण किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत? त्याचे उत्तर लेखी मागा. उत्तर मिळाले नाही, टाळले गेले, किंवा "तुम्हांला काय करायचे आहे?" असे विचारले गेले, तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या. आणि काय काय उत्तरे मिळाली ते आपल्या अंकाकडे जरूर कळवा. सगळ्या जिल्ह्यांतून आलेली उत्तरे एकत्र ठेवली तर पुढची मागणी कोणती करायची ते आपल्याला मिळून ठरवता येईल.